वाचकांचे प्रश्न : टाकीतली हिरवी साय

या महिन्यातील पत्रांपैकी चार पत्रे एकाच दुखण्याची निघाल्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ही चारच येथे घेतली आहेत. पहिले पत्र सविस्तर असल्याने त्याचे उत्तरही लांबले आहे. पुढच्या तिघा पत्रलेखकांनी ते आधी वाचावे.

प्रश्न : स. न. वि. वि. आमच्या घरी ९० सें.मी. लांब, ३८ सें.मी. रुंद आणि ४५ सें.मी. उंच अशी पाणवनस्पतींची टाकी दीड वर्षापासून आहे. तळाशी नदीची चाळलेली बारीक वाळू, त्यात वॅलिस्नेरिया व क्रिप्टोकोरीन, लाकडावर जावा मॉस, आणि बारा निऑन टेट्रा व सहा कोरीडोरास मासे असा संसार आहे. दिवाळीनंतर पुढच्या काचेला लागून वाळूच्या रेषेवर एक गडद हिरवी पट्टी दिसू लागली आणि दोन महिन्यांत ती वाळूवर व मॉसवर पसरली. बोटाने उचलली तर सायीसारखी अख्खी निघते, पण तीन-चार दिवसांत पुन्हा येते. दुकानदारांच्या सांगण्यावरून मी दिवसाआड निम्मे पाणी बदलते. नायट्रेटची चाचणी नेहमी शून्य दाखवते, म्हणजे पाणी स्वच्छ असावे. टाकी आग्नेयेच्या खिडकीसमोर आहे व दिवा दहा तास चालू असतो. एवढी निगा राखूनही हे का होते?
— एक वाचिका, विश्रामबाग, सांगली

उत्तर : पत्रात आपण ‘साय’ हा शब्द वापरला आहे, आणि निम्मे निदान त्या एका शब्दातच झाले आहे. खरे शेवाळ काचेला ठिपक्यांसारखे चिकटते, पानांच्या कडांना केसांसारखे लोंबते किंवा सगळे पाणीच हिरवे करून टाकते. तापवलेल्या दुधावरच्या सायीसारखे ते बोटावर अख्खे उचलले जात नाही. बुळबुळीत, निळसर झाक असलेला गडद हिरवा, कधी काळपट, आणि खाली बारीक बुडबुडे अडकलेला असा पापुद्रा नील-हरित शेवाळाचा असतो. नावात शेवाळ असले तरी हा जीव शेवाळ नसून जिवाणू आहे. शास्त्रज्ञ त्याला सायनोबॅक्टेरिया म्हणतात, आणि पुढच्या उपचारांत हा भेद कामाचा ठरतो.

उचललेला तुकडा एकदा नाकाजवळ धरून पाहावा. वळवाच्या पहिल्या सरीनंतर मातीला येतो तसा, पण कोंदट आणि शिळा वास आला, तर शंका उरत नाही. दोन्हीकडे वासामागचे द्रव्य एकच असते, जिओस्मिन. तळ्यातल्या किंवा नदीतल्या माशाच्या कालवणाला कधीकधी चिखलाची चव लागते, तीही बहुतेक वेळा याच द्रव्याची. याहून पक्की खूण हवी असेल तर एका टाकाऊ झाकणात चमचाभर पाणी घेऊन त्यात पापुद्र्याचा तुकडा ठेवावा, झाकण पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवावे आणि सकाळी वितळू द्यावे. एका वेळेस रंग उतरला नाही तर पुन्हा एकदा गोठवावे. पेशी फुटल्या की आतले फायकोसायनिन हे निळे रंगद्रव्य पाण्यात उतरते आणि कपड्यांची नीळ घातल्यासारखी छटा दिसते. साध्या हिरव्या शेवाळात हे रंगद्रव्य नसते.

आता ‘का’ याकडे वळू. आपल्या जिल्ह्यात शिराळ्याकडच्या भातशेतकऱ्यांना नील-हरित शेवाळ हे जैविक खत म्हणून माहीत असेल. भातखाचरातील नत्राच्या साठ्यात या जीवांचा वाटा किती मोठा आहे, हे पी. के. डे यांनी १९३९ सालीच दाखवले होते. यांतील काही जाती पाण्यात विरघळलेल्या हवेतील नत्र थेट वापरू शकतात, आणि ज्यांना ते जमत नाही त्यांचेही अगदी थोडक्या नत्रावर भागते. आपल्या वॅलिस्नेरियाला यांतले काहीच जमत नाही. पाण्यातला आणि वाळूतला नत्र संपला की तिची वाढ थांबते, आणि उसाला नत्र कमी पडल्यावर जशी खालची पाने आधी पिवळी पडतात तशीच तिचीही जुनी पाने पिवळी पडून कुजू लागतात. कुजणाऱ्या पानांतून जे झिरपते त्यावर सायनोबॅक्टेरिया पोसतात, आणि झाडे उपाशी बसल्यामुळे त्यांना स्पर्धकही उरत नाही.

म्हणून नायट्रेट, म्हणजे नत्राचेच झाडांना घेता येणारे एक रूप, शून्य असणे ही आपल्याला वाटते तशी स्वच्छतेची पावती नाही. केवळ माशांच्या टाकीत नायट्रेट जितके कमी तितके बरे, हे खरे. पण झाडे लावलेल्या टाकीत ते झाडांचे जेवण असते आणि लिटरला १० ते २० मिलिग्रॅमच्या आसपास ते असावे लागते. दिवसाआड निम्मे पाणी बदलून आपण उरलेसुरले ताटही काढून घेत आहात. दुकानदारांनी चुकीच्या हेतूने सांगितले असे नाही. घाण दिसली की पाणी बदला, हा सल्ला दहांपैकी आठ तक्रारींना लागू पडतो. ही तक्रार उरलेल्या दोनांतली आहे.

मात्र चाचणीवरही आंधळा विश्वास ठेवू नये. थेंब टाकून करावयाच्या नायट्रेटच्या बहुतेक चाचण्यांत एका बाटलीतील द्रव्य तळाशी बसते. ती बाटली अर्धा मिनिट जोरात हलवली नाही तर पाण्यात नायट्रेट असूनही उत्तर शून्य येते. आधी बाटली नीट हलवून पुन्हा मोजावे, मगच पुढचा हिशेब करावा.

दुसरे कारण वाळूत आहे. पाणी काचेसारखे निर्मळ असले तरी बारीक वाळूच्या वरच्या थरात माशांचे उरलेले खाद्य, विष्ठा आणि पानांचा चुरा दबून राहतो. फिल्टरचा प्रवाह तिथपर्यंत पोहोचत नसेल तर तो थर साचलेल्या डबक्यासारखाच असतो. प्रवाह कुठे मरतो हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. चिमूटभर कोरडे खाद्य चुरून फिल्टरच्या तोंडाशी सोडावे आणि गुडघ्यावर बसून काचेतून पाहत राहावे. कण काही ठिकाणी झरझर पुढे जातात, काही ठिकाणी गिरक्या घेतात, आणि एखाद्या कोपऱ्यात अलगद खाली बसतात ते पुन्हा उठत नाहीत. माझ्या टाकीत तो कोपरा आणि पापुद्र्याचा कोपरा एकच निघाला होता. आपल्या टाकीत वाळू व वरची मोकळी जागा वजा जाता सुमारे १२५ लिटर पाणी असावे. तासाला ६०० ते १००० लिटर पाणी फिरवणारा फिल्टर तिला पुरेसा आहे. पण खोक्यावरचा आकडा नव्या, स्वच्छ फिल्टरचा असतो. स्पंज बुजला की प्रवाह निम्म्यावर येतो. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळून धुवावा, नळाखाली नव्हे, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीनने त्यातले उपयोगी जिवाणू मरतात.

तिसरे कारण आपण पत्रात सहज लिहून गेलात. दिवाळीनंतर सूर्य दक्षिणेकडे कलतो व खाली राहतो, त्यामुळे एरवी खिडकीच्या कठड्यावर थांबणारे ऊन हिवाळ्यात आग्नेयेकडून तिरपे थेट टाकीच्या पुढच्या काचेवर येते. ते काचेतून आत शिरते नेमके वाळूच्या रेषेवर, जिथे ओल, अन्न आणि साचलेपण तिन्ही आधीपासून हजर असते. पहिली पट्टी तिथेच दिसली यात नवल नाही. त्यावर दिव्याचे दहा तास म्हणजे उपाशी झाडांना वर ओव्हरटाइम.

उपचार करताना क्रम पाळावा. पहिल्या दिवशी फिल्टर बंद करून बारीक नळीने पापुद्रा ओढून काढावा. आधी हाताने खरवडू नये, कारण तुटलेले तुकडे पाण्याबरोबर फिरून नव्या जागी रुजतात. नळीचे तोंड पापुद्र्याच्या कडेला टेकवले की तो गुंडाळत आत जातो, आणि सोबत वरची अर्धा सेंटिमीटर वाळू गेली तरी जाऊ द्यावी. ती धुऊन, उन्हात कडकडीत वाळवून परत घालता येते. मॉसवर तो फार गुंतला असेल तर तेवढा मॉस कात्रीने कापून टाकावा, तिथे मन घट्ट करावे लागते. पिवळी पानेही त्याच वेळी काढावीत. या कामातच निम्मे पाणी निघते, तेवढे क्लोरीन उडवलेले ताजे पाणी भरावे.

त्यानंतर तीन दिवस अंधार. दिवा बंद करून टाकीवर चारही बाजूंनी जाड घोंगडी किंवा दुहेरी चादर अशी टाकावी की फटीतूनही उजेड जाणार नाही. ‘थोडेसे पाहून घेऊ’ म्हणून रोज कोपरा उचलणाऱ्यांचा उपचार हमखास फसतो. वर हवेला वाट ठेवावी आणि एअर पंप तिन्ही दिवस अखंड चालू ठेवावा, कारण अंधारात झाडे प्राणवायू देत नाहीत, उलट घेतात, आणि मरणारा पापुद्रा कुजताना आणखी ओढून घेतो. कार्बन डायऑक्साइडची जोडणी असेल तर ती या काळात बंद असावी. माशांना खाद्य देऊ नये. धडधाकट मासे तीन दिवस सहज काढतात. वीज जाण्याचा दिवस ठाऊक असेल तर तो टाळूनच सुरुवात करावी. चौथ्या दिवशी घोंगडी काढल्यावर तळाशी राखाडी, तुटका गाळ दिसेल. तो लगेच ओढून घ्यावा आणि पुन्हा निम्मे पाणी बदलावे. हा टप्पा आळसाने सोडला तर मेलेला पापुद्राच पुढच्या पिढीचे खत होतो.

इथून पुढे दिवा टायमर लावून सहा तासच ठेवावा, पुढच्या काचेवर बाहेरून वाळूच्या उंचीएवढी काळी चिकटपट्टी लावावी, आणि सकाळच्या उन्हाला पडदा घालावा. पाणी आठवड्यातून एकदा, तिसरा हिस्सा बदलणे पुरे. आणि झाडांना जेवण द्यावे.

त्यासाठी परदेशी बाटली मागवण्याची गरज सांगलीच्या माणसाला तरी नाही. द्राक्षबागायतदार ज्याला तेरा-शून्य-पंचेचाळीस म्हणतात ते विद्राव्य खत म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, आणि ते कोणत्याही कृषी सेवा केंद्रात मिळते. त्याच्या एका ग्रॅममधून सुमारे ०.५८ ग्रॅम नायट्रेट मिळते, म्हणून आपल्या १२५ लिटरला सव्वादोन ग्रॅम खत घातले की लिटरला १० मिलिग्रॅम होतात. सोन्याचांदीचा नाही तरी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वापरावा, चमच्याचा अंदाज करू नये. खत कपभर पाण्यात विरघळवून मगच टाकीत ओतावे, दुसऱ्या दिवशी मोजावे, आणि आठवड्यात वाचन ५ च्या खाली गेले तरच पुन्हा द्यावे. आपली चाचणी खरे बोलते का हेही याच खताने तपासता येते: १.७५ ग्रॅम खत एक लिटर पाण्यात विरघळवून त्यातले १० मिलिलिटर घ्यावे व साधे पाणी घालून एकूण ५०० मिलिलिटर करावे. हे पाणी लिटरला २० मिलिग्रॅमच्या आसपास नायट्रेट दाखवायला हवे. वापरलेल्या साध्या पाण्यात मुळातच नायट्रेट असेल तर तेवढे त्यात मिळवावे.

अंधारानंतरही मॉसवर एखादा हट्टी ठिपका उरला तर हायड्रोजन पेरॉक्साइड चालते, पण एक खबरदारी आहे. परदेशी सल्ल्यांतले आकडे ३ टक्क्यांच्या द्रावणाचे असतात, तर आपल्याकडे औषधाच्या दुकानात ‘२० व्हॉल्यूम’ लिहिलेली बाटली मिळते ती ६ टक्क्यांची असते; तिचे माप निम्मे करावे. फिल्टर बंद करून, सुई काढलेल्या सिरिंजने, ठिपक्यावर अगदी जवळून हळूहळू सोडावे आणि पंधरा मिनिटांनी फिल्टर सुरू करावा. १०० लिटरला दिवसाला ३ टक्क्यांचे २५ किंवा ६ टक्क्यांचे साडेबारा मिलिलिटर ही वरची मर्यादा मानावी. मॉसला याचा थोडा चटका बसतोच.

प्रश्न : माझ्याही टाकीत हेच झाले आहे. एका मित्राने माणसांच्या एरिथ्रोमायसिनच्या गोळ्या कुटून टाकल्या व चार दिवसांत सगळे साफ झाले असे तो सांगतो. मी तेच करू का? मात्रा किती?
— एक वाचक, मिरज

उत्तर : आपले मित्र खोटे सांगत नाहीत. हा जीव जिवाणू असल्यामुळे प्रतिजैविकाने तो मरतो, आणि काही देशांत याच औषधाची मत्स्यालयासाठी तयार केलेली पुडी विकलीही जाते. तरीही मात्रा मी मुद्दाम लिहीत नाही. एरिथ्रोमायसिन हे आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये अशा औषधांत मोडते, आणि वापरलेले पाणी अखेर गटारातून नदीकडेच जाते. औषधाला दाद न देणारे जिवाणू तयार होण्याची ती एक वाट आहे. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात हे फोड करून सांगायला नको.

याशिवाय एक स्वतःचा अनुभव. पुष्कळ वर्षांपूर्वी मीही हा मार्ग धरला होता. चौथ्या दिवशी वाळू पांढरीशुभ्र दिसली आणि पाचव्या दिवशी पहाटे सगळे मासे पृष्ठभागाशी तोंड वर करून धापा टाकत होते, कारण एकदम मेलेला पापुद्रा कुजून पाण्यातला प्राणवायू संपला होता. त्यातून अमोनियाही वाढला होता आणि तो पचवणारे फिल्टरमधले जिवाणू औषधाने किती शिल्लक ठेवले होते देव जाणे. चार मासे गेले. तीन आठवड्यांनी पापुद्रा त्याच कोपऱ्यात पुन्हा आला, कारण कोपऱ्यातला प्रवाह आणि पाण्यातला नत्र दोन्ही जिथल्या तिथे होते. आपल्या मित्राला आणखी महिनाभराने पुन्हा विचारून पाहावे.

प्रश्न : आमची द्राक्षबाग आहे, त्यामुळे घरात विद्राव्य खते भरपूर असतात. मुलाच्या टाकीत झाडांसाठी १९-१९-१९ घातले तर चालेल का? त्याच्याकडे लहान कोळंब्याही आहेत. टाकीत विहिरीचे पाणी वापरतो.
— एक शेतकरी वाचक, तासगाव तालुका

उत्तर : १९-१९-१९ मुळीच घालू नये. त्यातील बराचसा नत्र अमोनियम व युरियाच्या रूपात असतो. जमिनीत ते ठीक आहे, पण टाकीत त्याचा अमोनिया होऊन मासे व कोळंब्या दगावतात, आणि शेवाळाला तर ती मेजवानीच. १२-६१-० चेही तेच, त्यातला सगळा नत्र अमोनियमचा असतो. आपल्या गोदामातले टाकीला चालण्यासारखे खत म्हणजे १३-०-४५, तेही पिशवीवर सूक्ष्म अन्नद्रव्ये मिसळल्याचा उल्लेख नसेल तरच, कारण तांबे अल्प प्रमाणातही कोळंबीला घातक असते. तांबे असलेले बोर्डो मिश्रण कालवलेली बादली, फवारणीचा मग, काठी यांपैकी काहीही मुलाच्या टाकीच्या आसपास येऊ देऊ नये. पेरॉक्साइडही कोळंब्यांच्या टाकीत टाळलेले बरे.

विहिरीच्या पाण्याबद्दल लिहिलेत ते बरे झाले. बागायती भागातील विहिरीच्या पाण्यात खतांमुळे नायट्रेट आधीपासूनच भरपूर असू शकते. तसे निघाले तर आपल्या टाकीतला पापुद्रा उपासमारीचा नाही, साचलेल्या गाळाचा आणि जादा उजेडाचा आहे, आणि खत घालण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. वाळू आणि प्रवाह एवढेच पाहावे. आधी विहिरीचे पाणी मोजा.

प्रश्न : हे शेवाळ खाणारा एखादा मासा किंवा गोगलगाय मिळते का? आणि पाणी बदलताना मी नळीला तोंडाने ओढ देतो, लहान मुलगी शेजारी हात घालून बसते, त्याचे काही भय आहे का?
— एक वाचक, आष्टा

उत्तर : खाणारा मासा नाही. काच चाटणारे मासे व गोगलगायी हिरव्या शेवाळावर ताव मारतात, पण या पापुद्र्याला बगल देऊन पुढे जातात. गंमत अशी की माशांच्या खाद्याच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलेली स्पिरुलिना हीदेखील एक सायनोबॅक्टेरियाच आहे, पण ती खाण्यासाठी वेगळी वाढवलेली जात आहे. आपल्या वाळूवरची नव्हे.

तोंडाने ओढ देणे मात्र आजपासून बंद करावे. सायनोबॅक्टेरियाच्या काही जाती यकृतावर व मज्जातंतूंवर परिणाम करणारी विषे तयार करतात, आणि आपल्या टाकीतली जात कोणती हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. टाकीत हात घातल्याने सहसा काही होत नाही, पण हाताला जखम असेल तर हातमोजा घालावा, आणि मुलीचे हात नंतर साबणाने धुवावेत. दाबाच्या फुग्याची नळी दुकानात स्वस्तात मिळते. ती नसेल तर साधी नळी टाकीत पूर्ण बुडवून भरून घ्यावी, एक टोक अंगठ्याने दाबून बाहेर बादलीत न्यावे आणि अंगठा सोडावा. बादली कुत्र्याच्या तोंडाशी उघडी ठेवू नये. ते पाणी परसातल्या फुलझाडांना खुशाल घालावे, विहिरीत किंवा जनावरांच्या हौदात ओतू नये.